लाल दिवा न लागलेली सकाळ

माझं नाव अर्लिस हेगी. वय चौसष्ट. त्यातली साठ वर्षं गाईंच्या मागच्या बाजूला उभं राहण्यात गेली. आणि तरीही आमच्या गोठ्यातला संगणक बंद पडला त्या दिवशी मला अक्कल शिकवायला कोण यावं? तर फोनवरची वीस-बावीस वर्षांची एक पोरगी, जिनं गाय आजवर फक्त दुधाच्या बाटलीवरच्या चित्रात पाहिली असावी.

मार्चचा दुसरा आठवडा होता. रात्रभर पाऊस पडत होता आणि पडल्या जागी गोठत होता. पहाटे पाचला मी आणि माझा धाकटा भाऊ व्हर्लिन गोठ्यात गेलो, पहिल्या सोळा गाई धारेच्या जागेवर घेतल्या आणि वीज गेली. तारांवर बोटभर बर्फ चढला की आमच्याकडे वीज जातेच, त्यात नवल काही नाही. त्यासाठी जनरेटर आहे. तो ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला जोडायचा, ट्रॅक्टर सुरू करायचा आणि भिंतीवरचा मोठा खटका वर करायचा. दहा मिनिटांत गोठा पुन्हा चालू.

फक्त एक पथ्य पाळायचं असतं. जनरेटरवर व्होल्टेजचा काटा आहे, तो हिरव्या पट्ट्यात ठेवायचा. पण आमच्या भागातल्या एकाही बाप्याला हे जमत नाही. दूध ओढणाऱ्या पंपाचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला, की यांचा हात गेलाच ट्रॅक्टरच्या रेसवर. आमचे वडील तेच करायचे, शेजारचा टोलेफसन तेच करतो आणि व्हर्लिननं तर हा गुण दोन्ही हातांनी उचललाय. त्या पहाटेही त्यानं रेस वाढवली आणि गोठ्यातले सगळे दिवे पांढरेफटक झाले.

"व्हर्लिन, कमी कर ते!"

"पंप दमतोय गं!"

"पंप नाही दमत, तुझे कान दमलेत! कमी कर म्हणते ना!"

त्यानं कमी केलं. दिवे जागेवर आले, पंप नीट चालू लागला, गाईंनी पान्हा सोडायला सुरुवात केली. संगणक मात्र आला नाही.

आता संगणक नसला तर एवढं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. आमच्या एकशेवीस गाई आहेत. त्यातल्या चार-पाच कुठल्याही वेळी आजारी असतात. कास दगडी होते, मग सडात औषधाची नळी सोडावी लागते. त्या गाईचं दूध पुढचे तीन-चार दिवस टाकीत जाता कामा नये. गेलं, तर टँकरमध्ये जातं, आणि टँकरमध्ये आमच्या एकट्यांचं दूध नसतं. आमच्या आधीच्या दोन-तीन गोठ्यांचं असतं. डेअरीत उतरवण्याआधी तपासणी होते आणि औषधाचा अंश सापडला की सगळा टँकर ओतून देतात. ज्याच्या गोठ्यामुळे ओतला त्याचं नाव रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना कुणी मोठ्यानं घेत नाही, म्हणजे ते सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.

पूर्वी याला सोपा उपाय होता. औषध दिलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधायची. आंधळ्यालाही दिसेल. मग दोन वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस आला, बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, आणि आमच्या पट्ट्यांकडे बघून हसला. आता म्हणे हे लागणार नाही. प्रत्येक गाईच्या गळ्यात यंत्राचा पट्टा असेल, औषध दिलं की संगणकात टाकायचं, ती गाय धारेला आली की तिच्या जागेवर लाल दिवा लागेल आणि दुधाची नळी आपोआप बंद राहील. व्हर्लिन भाळला. लाल पट्ट्या माळ्यावर गेल्या आणि उंदरांनी त्यांची घरं केली. दुधाच्या तपासणीच्या काड्या आम्ही घरात ठेवायचो, त्याही आणायच्या बंद झाल्या. दिवा आहे ना!

आणि त्या सकाळी सोळा गाई समोर उभ्या होत्या आणि एकही दिवा लागला नव्हता.

व्हर्लिन म्हणाला, "थांबूया जरा. यादी दिसेपर्यंत."

"कासा टम्म फुगल्यात त्यांच्या. किती थांबणार? दुपारपर्यंत?"

"मग आजचं सगळं दूध वेगळं सोडू. टाकीत नको."

"साठ-सत्तर बादल्या दूध गटारात? कशासाठी? एका डब्याला जाग येत नाही म्हणून? माझ्या डोक्यात काय शेण भरलंय का?"

"तसं नाही म्हणालो मी."

"सहा गाई आहेत," मी म्हणाले. "मेबल, ओपल, टुली, दोनशे तीस नंबरची, ती एका शिंगाची बया, आणि ग्रेटा. सहा. लिहून घे हवं तर."

त्यानं खरंच दारावर खडूनं लिहून घेतलं. मला तेव्हाच राग आला होता. या गाईंपैकी निम्म्यांना मी या दोन हातांनी आईच्या पोटातून ओढून बाहेर काढलंय, आणि हा माझं बोलणं दारावर लिहून घेतो! पण सहाही जणींचं दूध मी वेगळ्या बादलीत काढलं आणि मांजरांनासुद्धा त्याच्या वाऱ्याला उभं राहू दिलं नाही. बाकीच्या एकशेचौदा गाईंचं दूध टाकीत गेलं. टाकीत आधीच परवापासूनच्या तीन वेळचं दूध होतं. टँकर साडेदहाला येणार होता.

आठ वाजता मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. आधी एका बाईच्या गोड आवाजानं मला सांगितलं की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. हे तिनं मला पंचवीस मिनिटं सांगितलं, मधूनमधून पियानो वाजवून. मग केल्सी नावाची मुलगी आली.

"मॅडम, आज मी तुमची काय मदत करू?"

"संगणक सुरू होत नाही."

"ओके. स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक बारा आकडी नंबर दिसेल. तो सांगता का?"

"स्क्रीन काळा आहे, बाळ. संगणक सुरू होत नाही म्हणून तर फोन केलाय."

"हो मॅडम, पण तो नंबर असल्याशिवाय मला तुमची तक्रार उघडता येत नाही."

"आणि मला संगणक उघडता येत नाही."

"तुम्ही आमच्या वेबसाइटवरून तक्रार टाकलीत तर नंबर लागत नाही."

"कशावरून टाकू? गाईवरून?"

मग तिनं कागदावरून वाचायला घेतलं. वायर नीट बसली आहे का? बसली आहे. भिंतीत वीज येते आहे का? जनरेटरवर आहे, त्याच भिंतीतून कॉफीचं भांडं चालू आहे. वायर काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा, पुन्हा वायर लावा. मी टेबलाखाली गुडघे टेकले. माझे गुडघे म्हणजे काय, त्यांचाही त्या दिवशी संप होता. तीस सेकंद बटण दाबलं. काही नाही. पुन्हा करा. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही.

"पंख्याचा आवाज येतोय का, मॅडम?"

"येत नाही."

"एखादा छोटा दिवा?"

"नाही. हे बघ, मला एवढंच सांग, कुठल्या गाईंना औषध दिलंय ती यादी तुझ्याकडे दिसते का?"

"ती तुमच्याच संगणकात असते, मॅडम. इंटरनेटवर ठेवायची सोय आहे, पण तुम्ही ती घेतलेली नाही."

"म्हणजे दिवाही तुमचा, पट्टाही तुमचा, आणि यादी मात्र या मेलेल्या खोक्यात?"

"मी तुमची नाराजी समजू शकते," केल्सी म्हणाली. माणूस पाठवते म्हणाली. कधी? मंगळवारी. त्या दिवशी गुरुवार होता. मी फोन ठेवला, म्हणजे ठेवला म्हणायला हरकत नाही, पण त्याचं मागचं झाकण दुधाच्या टाकीखाली सापडलं.

नऊला वीज आली. व्हर्लिननं ट्रॅक्टर बंद केला, खटका खाली घेतला. मी पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. खोकं ढिम्म.

"पान्याला बोलावतो," व्हर्लिन म्हणाला. पान्या शाँग आमच्या शाळेत मुलांना संगणक शिकवते. रस्त्यावर बर्फ म्हणून शाळेला सुट्टी होती, आणि तिचं घर आमच्या कुंपणाला लागून. "टँकरच्या आधी यादी बघून घेऊ."

"बघ की. मला काय? सहा म्हटलंय, सहाच निघतील. संध्याकाळच्या धारेला दिवे लागायला हवेत म्हणून बोलाव, माझ्यावर विश्वास नाही म्हणून नको."

"बरं, त्यासाठी बोलावतो," तो म्हणाला, आणि दारावरच्या खडूच्या नावांकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत बाहेर गेला.

पान्या आली ती बुटांना लोखंडी दातऱ्या बांधून, हातात एक स्क्रू-ड्रायव्हर. पोरीनं मला एकही नंबर विचारला नाही. आधी टेबलावरचा दिवा काढून संगणकाच्याच प्लगमध्ये लावला. दिवा लागला. मग ती खाली वाकली आणि खोक्याला नाक लावून वास घेतला.

"अर्लिस, सकाळी दिवे एकदम मोठे झाले होते का?"

"झाले होते," मी म्हणाले. "विचार याला."

व्हर्लिन टोपी काढून तिच्या आत बघत होता.

तिनं खोकं उघडलं. आत दोन वर्षांचा पेंडीचा भुगा, कोंबडीनं अंडं घालावं इतका. तो झाडून तिनं आतला एक चौकोनी डबा मोकळा केला, तो एकटा चालतो का बघायला तारेचा तुकडा वाकवून त्याच्या प्लगच्या दोन भोकांत घातला आणि वीज दिली. डब्याचा पंखा हललासुद्धा नाही. "हा गेला," ती म्हणाली. "भिंतीतली वीज घेऊन आत सगळ्यांना वाटून देतो तो हा. व्होल्टेज चढलं तेव्हा यानं स्वतःवर घेतलं. बाकीचं बहुतेक वाचलं असेल. असाच दुसरा डबा मिळाला तर आत्ता कळेल."

"शहरातून आणायचा तर दुपार होईल," व्हर्लिन म्हणाला.

"तुझ्या खोलीत आहे की एक," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. व्हर्लिनच्या खोलीत एक जुना संगणक आहे, त्यावर तो शीप्सहेड नावाचा पत्त्यांचा डाव खेळतो, रोज जेवणानंतर, यंत्राबरोबर. यंत्राशी भांडतोसुद्धा. "तो वेगळा आहे गं, त्याचं माप—"

"पंप दमला की रेस वाढवायला कोण गेलं होतं? मी?"

तो उठून गेला आणि संगणक छातीशी धरून घेऊन आला.

पान्या डबा बदलत होती तेवढ्यात टँकर आला. ड्वेन आमच्याकडे सतरा वर्षं दूध न्यायला येतो. सावकाश बोलणारा, सावकाश चालणारा, बर्फात तर आणखीच. त्याला कॉफी दिली, लिंबाच्या वड्या दिल्या, आणि केल्सीची सगळी हकिगत साभिनय सांगितली. तो पोट धरून हसला, त्यामुळे मला आणखी चेव आला.

"यादी पाहिजे म्हणे यांना! अरे, माझी आई ऐंशी गाई सांभाळायची, आणि तिला कुठली गाय कधी माजावर येणार हे कॅलेंडर न बघता ठाऊक असायचं. हल्ली माणसाला स्वतःची गाय ओळखायला दिवा लागतो. एक दिवस दिवा गेला की बसलेत सगळे तोंड वासून. मी नाही बसले. सहा गाई, तोंडपाठ. यंत्राला काय कळतंय?"

"तू आहेस म्हणून, अर्लिस," ड्वेन म्हणाला. त्यानं हात धुतले, टाकीतलं माप घेतलं, नमुन्याची बाटली भरून त्यावर आमचा नंबर घातला आणि टँकरची नळी टाकीला जोडायला घेतली.

तेवढ्यात आतून पंख्याचा आवाज आला. पान्यानं टाळी वाजवली. "चालू झाला!"

मी हात पुसत आत गेले. खरं सांगते, मी ऐटीत गेले. पान्या खोक्याचे स्क्रू आवळत खाली बसली होती, व्हर्लिन ड्वेनला नळी धरून देत होता. खुर्चीवर बसून मी स्वतःच ती यादी उघडली.

मेबल. ओपल. टुली. दोनशे तीस. एका शिंगाची. ग्रेटा.

फर्न.

मी पुन्हा वाचलं. फर्न, मागचं डावं सड, औषध मंगळवारी संध्याकाळी पाच चाळीस, शुक्रवार रात्रीपर्यंत दूध वेगळं. नोंद करणाऱ्याच्या जागी माझंच नाव. आणि मग सगळं आठवलं. फर्न त्या दिवशी व्यालेल्या गाईंच्या खणात होती, धारेच्या जागी नव्हती. मी तिथेच नळी सोडली, तिच्या पाठीवर थाप मारली, आत येऊन नोंद केली आणि डोक्यातून काढून टाकलं. संगणक लक्षात ठेवेल म्हणून काढून टाकलं. ज्या यंत्राला मी सकाळपासून शिव्या घालत होते, त्याच्या भरवशावर मी विसरले होते. बुधवारी दोन्ही वेळा त्यानं मुकाट्यानं लाल दिवा लावला होता, मी मुकाट्यानं तिचं दूध वेगळं काढलं होतं. आज सकाळी दिवा नव्हता, तर मी तिच्या सडाला कप लावला, तिला 'शहाणी माझी' म्हणाले आणि तिचं दूध टाकीत सोडलं.

स्क्रीन फक्त माझ्यासमोर होता. दारावर खडूनं सहा नावं लिहिलेली होती, माझ्या तोंडची. बाहेर ड्वेननं नळीचा आटा फिरवून बसवला, त्याचा करकर आवाज आला. आता तो पंपाचं बटण दाबणार.

"ड्वेन, थांब!"

माझा आवाज असा निघाला की पान्याचं डोकं टेबलाला आपटलं. मी बाहेर आले. "नळी काढ. दूध जाणार नाही."

"का गं?" व्हर्लिननं विचारलं.

"फर्न. सात आहेत."

मला वाटलं व्हर्लिन आता म्हणेल, सांगितलं होतं तुला. म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक सड, अर्लिस. आणि औषध देऊन दीड दिवस झाला. सात हजार लिटरमध्ये कुठे सापडणार ते?"

"आणि सापडलं तर? टँकरमध्ये टोलेफसनचं दूध आहे. पलीकडच्या ब्रेकेनचं आहे. त्यांनीपण आज बर्फातच धारा काढल्यात ना? त्यांचं ओतू? आणि नाही सापडलं तर कुठल्या पोराला पाजू ते? सांग ना! तोंड वर करून सांग!"

सकाळपासून केल्सीवर, कंपनीवर, व्हर्लिनवर मी ओरडत होते. या वेळीही त्याच्यावरच ओरडले. पण तो मागे सरला नाही, त्यानं नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला, कारण मी कुणावर चिडले आहे हे त्याला कळलं होतं. मला त्या हाताचाही राग आला.

ड्वेननं नळी काढली आणि गुंडाळून ठेवली. टाकीची खालची तोटी मीच उघडली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दूध फरशीवरून मोरीकडे आणि मोरीतून शेणखड्ड्याकडे निघालं. दोन दिवसांचं दूध, शंभरावर गाईंचं. पंधरा मिनिटं झाली तरी धार तेवढीच होती. पान्या दारात उभी राहून बघत होती. तिनं यापूर्वी असं काही पाहिलं नसावं. मी तरी कुठे पाहिलं होतं?

ड्वेनकडे एक छापील कागद असतो. गोठ्यावरून दूध उचललं नाही तर का उचललं नाही ते त्यावर लिहून डेअरीत द्यावं लागतं. तो टँकरच्या पायरीवर बसला, कागद गुडघ्यावर घेतला आणि पेनाचं टोक जिभेला लावून म्हणाला, "वीज गेली होती म्हणून लिहितो. सगळ्या तालुक्याची गेली होती आज. कुणी काही विचारणार नाही."

चांगला माणूस आहे ड्वेन. सतरा वर्षं ओळखते मी त्याला. पण त्याच्या त्या चांगुलपणानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"वीज आली होती रे परत. संगणकही आला. त्याला सगळं आठवत होतं."

"मग काय लिहू?"

"अर्लिस हेगी विसरली, असं लिही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग व्हर्लिनकडे. व्हर्लिननं मान खाली घातली. ड्वेननं लिहिलं, सावकाश, एकेक शब्द, आणि कागद माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून तो नीट वाचला आणि खाली सही केली.